प्रवाळाला कुठला दिवा?

ऑफिसातला एक सहकारी ॲरिझोनाला बदलून गेला आणि जाताना त्याने खाऱ्या पाण्याची आपली वीस गॅलनची टाकी आश्लेषाला देऊन टाकली. टाकीत दगड, दोन नारिंगी मासे आणि तीन कोरल, म्हणजे प्रवाळं, होती. एक हिरवळीसारखं दगडभर पसरलेलं, एक लाल, बशीसारखं चपटं आणि एक बोटभर उंचीचं, फांद्या फुटलेलं, तपकिरी. २००६ सालचा जानेवारी होता. ईडन प्रेरी गावात गुडघाभर बर्फ पडलेलं होतं आणि या एवढ्याशा उबदार समुद्राने आश्लेषाला पुरतं धरून ठेवलं होतं.

"लाइट तेवढा बदल," सहकारी म्हणाला होता. "ही ट्यूब संपत आलीय."

पण बदलून कुठला घ्यायचा? तिने इंटरनेटवरच्या फोरमवर विचारलं, तर तिथे भांडणंच लागली. मेटल हॅलाइडच्या प्रखर दिव्याशिवाय कोरल जगतच नाही, असं काहींचं म्हणणं. काही म्हणत, हॅलाइड म्हणजे टाकीवर ठेवलेली शेगडी, टी-फाइव्हच्या बारीक ट्यूब घ्या. आठवडाभर वाचून ती होती तिथेच राहिली.

तेव्हा तिचे सासरे जगन्नाथ सहा महिन्यांसाठी आले होते. कराडला त्यांनी छत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. डिजिटल कॅमेरे आल्यावर गिऱ्हाईक तुटत गेलं आणि मागच्या दिवाळीनंतर त्यांनी स्टुडिओ बंद केला. त्यांचं मन रमावं म्हणून आश्लेषाच्या नवऱ्याने, अनीशने, तिकीट पाठवलं खरं, पण इथे ते खिडकीशी बसून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघत. विचारलं तेवढं बोलत.

एका शनिवारी ते उठून टाकीपाशी आले.

"हे झाड आहे की प्राणी?"

"प्राणी, बाबा. पण याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं, त्यातलं यालाही मिळतं. म्हणून तर लाइटचं एवढं टेन्शन आलंय मला."

"किती उजेड लागतो?"

"ते मोजायचं खास मीटर असतं. इथल्या क्लबमध्ये एकाकडे आहे, पण मार्चपर्यंत वेटिंग आहे."

बाबा खोलीत गेले आणि चामडी पाकिटातलं त्यांचं जुनं लाइटमीटर घेऊन आले. स्टुडिओतलं सामान विकून टाकलं होतं, हे तेवढं त्यांनी बॅगेत टाकलं होतं. आश्लेषाने लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसली, तळाशी गोटे घातले, वर मीटर ठेवलं आणि झाकण घट्ट लावून बरणी पाण्यात सोडली. दोघं काचेला नाक लावून काटा बघत बसले. तळाशी पोचेपर्यंत काटा निम्म्याहून खाली आला.

टाकीच्या झाकणात एक पांढरी आणि एक निळी, अशा दोन ट्यूब होत्या. बाबांनी पांढरी बंद करायला लावली. काटा जवळजवळ पडलाच. हिरवं कोरल मात्र त्या निळ्या उजेडात लखलखत होतं, आणि मिटण्याची काही चिन्हं नव्हती.

"मीटर बिघडलंय का?" आश्लेषाने विचारलं.

बाबांनी पांढरी पुन्हा लावून, बंद करून काटा बघितला. जेवतानाही त्यांचं लक्ष नव्हतं. ताक पिऊन झाल्यावर ते एकदम म्हणाले, "मीटर बरोबर आहे. ते आपल्या डोळ्यासारखं बघतं. निळं आपल्याला अंधारं वाटतं, तसंच त्यालाही. पण समुद्रात खाली लाल उजेड पोचत नाही ना?"

"नाही. निळाच जास्त खोल जातो."

"मग याला निळं मोजणारं काहीतरी पाहिजे. ब्रोमाइड पेपर! फोटो छापायचा कागद. डार्करूममध्ये आम्ही लाल दिव्यात काम का करायचो? त्या कागदाला लाल दिसतच नाही. निळं लगेच दिसतं."

"पण बाबा, डेव्हलप कुठे करणार?"

"करायचाच नाही. नुसता उजेडात ठेवला तरी हळूहळू काळा पडतो. किती काळा, तेवढं बघायचं."

इतकं सलग बोलताना आश्लेषाने त्यांना या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

कॅमेऱ्याच्या दुकानात कागदाचं पाकीट मिळालं. माशांच्या दुकानाचा मालक डेल यालाही ही कल्पना ऐकून मजा वाटली. त्याने एक हॅलाइड आणि चार ट्यूबचा एक टी-फाइव्ह, असे दोन दिवे रविवारपुरते वापरायला दिले. बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून बाबांनी अंधारात चाचपडत कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि छोट्या झिपलॉक पिशव्यांत घातल्या. प्रत्येक दिव्याखाली टाकीच्या तळाशी पाच पट्ट्या: एक मधोमध, चार कोपऱ्यांत. बरोबर वीस मिनिटं.

दुपारी अनीश खाली आला, तर किचनच्या ओट्यावर जांभळट-करड्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या, आणि बायको आणि वडील त्यांच्यावर वाकलेले.

"काय चाललंय यार हे?"

"लांब राहा, सावली पडतेय," बाबा म्हणाले.

जुन्या ट्यूबखालच्या पट्ट्या जेमतेम मळल्या होत्या. हॅलाइडखाली मधली पट्टी पार काळवंडली होती, कोपऱ्यातल्या फिक्या. टी-फाइव्हखाली पाचही जवळपास सारख्याच.

आश्लेषाला मात्र हॅलाइडने भुरळ घातली होती. त्या एकाच प्रखर दिव्याखाली वाळूवर उजेडाची जाळी हलत होती, थेट समुद्रासारखी. ट्यूबखाली सगळं सपाट दिसायचं.

"हाच घेऊ या. जागा बदलू हवं तर. फांद्यांचं कोरल मध्ये, लाल बशी कोपऱ्यात."

बाबांनी पट्ट्यांकडे एकदा बघितलं आणि हो म्हणून मान हलवली.

पाचव्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा फांद्यांची टोकं पांढरी पडली होती. पाणी शहाऐंशी अंश फॅरनहाइटवर गेलेलं, चार अंश जास्त. दुसऱ्या दिवशी एक अख्खी फांदी खडूसारखी झाली. आश्लेषा कोट न काढताच टाकीसमोर बसून राहिली. जिवंत गोष्ट विश्वासाने हातात दिलेली, आणि आपण दिसण्याला भुललो, हे तिला फार लागलं.

"उष्णतेने झालं की उजेडाने, कोण जाणे," ती म्हणाली.

"कशानेही असेल. पण ती काळी पट्टी मी बघितली होती. एवढा फरक एकदम नको, असं माझ्या मनात आलं होतं. बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"तू इतकी खूश दिसत होतीस. आणि मला वाटलं, आता माझं कोण ऐकतंय."

"पुढच्या वेळी बोला, बाबा," ती म्हणाली. "भांडलात तरी चालेल."

डेलने कुरकुर न करता हॅलाइड परत घेऊन टी-फाइव्ह दिला. बाबांनी खिडकीच्या जाळीचे चार तुकडे कापून दिव्याखाली एकावर एक ठेवले. दर चार दिवसांनी एक काढायचा, असं ठरलं. पुढचा तुकडा कधी काढायचा यावरून ते दोनदा भांडलेसुद्धा, आणि दोन्ही वेळा पट्ट्या काळ्या करून निकाल लावला.

ती फांदी वाचली नाही. तिच्यावर शेवाळ चढलं. बाकीच्या फांद्या मात्र महिनाभराने पुन्हा तपकिरी झाल्या आणि मार्चअखेर त्यांच्या टोकांना फिकट जांभळा रंग दिसू लागला. क्लबातलं ते मीटर अखेर मिळालं. त्याचे आकडे आणि कागदाच्या पट्ट्या बऱ्याच जुळल्या. एका कोपऱ्यात जुळल्या नाहीत. का, ते दोघांनाही सांगता आलं नाही.

एप्रिलच्या एका सकाळी आश्लेषा चहा घेऊन आली, तेव्हा बाबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले होते. टायमरवरचा दिवा लागायला अजून दहा मिनिटं होती.

"आज चौथा दिवस," ते म्हणाले. "हिरवं कोरल दिवा लागायच्या आधीच उघडतंय. खिडकीवर मी चादर लावून बघितली, तरी उघडलं. वेळ झाली हे त्याला कसं कळतं?"

"त्याच्या अंगातच घड्याळ असेल का, बाबा?"

"उद्या दिवा तासभर उशिरा लागेल असा टायमर लावू. मग काय करतं बघू."

तिने त्यांच्या हातात कप दिला आणि शेजारी खुर्ची ओढली.