रक्त झालेलं पाणी

लाँड्रीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीवाले, घड्या घालणाऱ्या बाया, गल्लीतले रिकामटेकडे, सगळे माना उंचावून एका काचेच्या भांड्याकडे बघत होते. भांड्यामागे बाबा बसले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ते याच लाँड्रीत धुतलेले, अर्थात फुकट.

"पाप पोटात लपतं, हातात लपत नाही," बाबा सांगत होते. "ज्याचा हात दोषी, त्याच्या हाताखाली पाण्याचं रक्त होईल."

गेल्या आठवड्यात कपडे पिळायच्या यंत्रात धाकटीची बोटं गेली होती. बटण दाबलं होतं थोरलीनं, तिच्या सख्ख्या जावेनं. थोरली पाठमोरी होती, धाकटीचा हात आत आहे हे तिला दिसलंच नव्हतं. पण दोष कुणाचा, हे आता पाणी ठरवणार होतं.

एकेकानं हात बुडवले. मालकांनीही बुडवले, डोळे मिटून. पाणी स्वच्छच राहिलं. शेवटी थोरलीला हाक आली. कपडे भिजवायच्या सोड्याच्या हौदावर या दोघी जावाच असायच्या, आता ती एकटी होती. ती कमरेच्या फडक्याला हात पुसू लागली, तर मालक म्हणाले, "राहू दे, तशीच ये. बाबा खोळंबलेत."

तिनं हात बुडवले आणि पाणी गडद गुलाबी झालं. बघणाऱ्यांना ते लालच दिसलं. शेजारच्या बाया मागे सरकल्या.

उद्या सगळ्यांसमोर कबुली दे, मनातली असूया ओकून टाक, आणि धाकटीच्या दवाखान्याचं काय ते तुमचं घर बघेल, असं मालकांनी तिथल्या तिथे सुनावलं.

घरी दिरानं तिच्या हातचं ताट सरकवलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थोरलीला स्वतःलाच शंका येऊ लागली. धाकटीचं कौतुक झालं की आपल्या पोटात दुखायचं, हे तिला आठवलं. पाण्याला तेच दिसलं असेल का? बाबा लोकांची खरी करामत ही. न केलेल्या गुन्ह्याचा पुरावा ते तुमच्याच मनातून काढून घेतात.

तिच्या लेकीनं हे शाळेत विज्ञानाच्या बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कबुलीच्या वेळी बाई हजर झाल्या, पर्समध्ये लिंबू घेऊन.

त्यांनी थोरलीच्या हातांवर लिंबू चोळलं, हात नळाखाली धुतले आणि बाबांनी आज पुन्हा भरून ठेवलेल्या भांड्यात बुडवायला लावले. पाणी जसंच्या तसं. मग हौदातलं सोड्याचं पाणी आणवून त्या म्हणाल्या, आता यात हात ओले करून बाबांनी बुडवावेत. बाबांना नेमकं तेव्हाच मौनव्रत आठवलं. तेव्हा बाईंनी स्वतःचे हात सोड्यात भिजवून भांड्यात घातले. पाणी गुलाबी!

"मी तर त्या दिवशी इथे नव्हतेच. मी कुणाची बोटं तोडली?"

उरलेलं लिंबू त्यांनी भांड्यात पिळलं. रंग उडाला. "एका लिंबात पाप फिटलं म्हणायचं. अहो, बाबांनी पाण्यात कालवलेली ही पूड आमच्या प्रयोगशाळेत असते. सोडा लागला की गुलाबी होते, आंबट पडलं की रंग जातो. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे."

कुणीतरी फिसकन हसलं. मालक मात्र हसले नाहीत. "पाणी खोटं असेल. पण बटण हिनंच दाबलं ना?"

या प्रश्नावर लिंबू चालत नव्हतं. बोलली ती थोरली.

"दाबलं. हात आत आहे हे मला ठाऊक नव्हतं. झाकण उघडं असताना यंत्र फिरू नये म्हणून जी कडी होती, ती तुम्ही काढून ठेवलीत, काम लवकर उरकावं म्हणून. कुणाचा तरी हात जाईल, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, मालक. या सगळ्यांनाही ठाऊक होतं."

जो तो आपले स्वच्छ हात बघत राहिला.

कबुली ऐकायला आलेली धाकटी बँडेज सांभाळत पुढे आली. "ताई, हे मला घरी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" थोरली म्हणाली.

बाबा तोवर सटकले होते, धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन. ती कडी अजूनही बसवलेली नाही.

पाण्याला काय कळतं? ते सोडा ओळखतं, हेतू नाही. दोष ठरवायचा तर माणसाला विचारा: तुला ठाऊक होतं का? टाळता येत होतं का? मग का नाही टाळलंस? यासाठी बाबा लागत नाही की भांडं. मालकासमोर तोंड उघडावं लागतं, एवढंच. आणि नेमकं तेच जमत नाही, म्हणून तर आपण पाण्यात हात बुडवत बसतो.