फळीवरची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनं जेट इंजिन आहे. पण ‘जेट’ म्हटल्यावर डोळे विस्फारू नका हं! माझं तोंड घमेल्याएवढं आणि चार माणसं मला सहज उचलून नेतात. मोठ्या विमानांची इंजिनं मला बघून नाक मुरडतात. मुरडू देत! आमच्या नेब्रास्कातल्या आखूड धावपट्टीवर उतरायची त्यांची छाती आहे का?

माझा पंखा धातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला आहे. कारखान्यात मी पहिल्यांदा घुमलो, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मालकाचा धंदा बसला आणि दोन वर्षं मी ताडपत्रीखाली पडून राहिलो. चिमण्यांनी माझ्या पोटात चक्क संसार मांडला! मग आली विल्मा ह्रुस्का, आमची मेकॅनिक. बाई तोंडाची फटकळ, पण हात असा हलका की काय सांगू! तिनं मला धुतलं, पुसलं आणि एका सहा आसनी विमानाच्या शेपटीपाशी, डाव्या बाजूला बसवलं.

विल्माची हत्यारं टांगायला भिंतीवर एक फळी आहे. प्रत्येक हत्याराचा आकार तिच्यावर लाल रंगानं काढलेला. एक जरी आकार रिकामा दिसला, तरी विमान हलायचं नाही. पायलट डेल केटलर तिला चिडवायचा, “विल्मा, तू लग्नातही नवऱ्याची बाह्यरेषा काढून ठेवली होतीस का?”

“काढली असती तर तो हरवला नसता!” ती फाडकन म्हणायची.

हे ऐकून सगळ्यांत जास्त हसायची आर्लीन व्हॉस. ती शाळेची बस चालवायची आणि दर शुक्रवारी आम्हाला जर्दाळू भरलेले गोल, गोड पाव, म्हणजे कोलाचे, आणायची. स्वतः मात्र खायची नाही. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दुसरं मूत्रपिंड मिळेल म्हणून ती सहा वर्षं वाट बघत होती.

एका मंगळवारी सकाळी विल्मा आरसा घेऊन माझी पाती तपासत होती. दांड्याचा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. तेवढ्यात फोन वाजला. ओमाहा शहरातल्या इस्पितळात मूत्रपिंड आलं होतं, आर्लीननं तीन तासांत पोचायला हवं होतं. रस्त्यानं सात तास लागतात, मला सव्वा तास. विल्मा विमान तयार करायला धावली. जाताना घाईत तिनं आरसा माझ्या ओठावर ठेवला, आणि तो घसरून पात्यांच्या मधून आत गेला!

मित्रांनो, मी किती घाबरलो म्हणून सांगू! सुरू झालो असतो, तर माझ्या चिंध्या झाल्या असत्या. आणि आर्लीनचं काय झालं असतं? मला ओरडायचं होतं. पण आम्हा इंजिनांना तोंड असून बोलता येत नाही.

थोड्याच वेळात आर्लीन येऊन विमानात बसली. विल्मानं सवयीनं फळीकडे बघितलं आणि ती विमानाच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

“आरसा नाहीये.”

“अगं, असेल तुझ्या खिशात! तिकडे घड्याळ पळतंय!” डेल ओरडला.

विल्मानं सगळे खिसे उलटे केले. “नाहीये. चूक माझीच आहे. पण विमान हलणार नाही.”

डेल लालबुंद झाला. तेव्हा आर्लीननं दारातून डोकं बाहेर काढलं. “डेल, मी सहा वर्षं थांबलेय रे. अजून दहा मिनिटं थांबले तर काय बिघडलं?”

विल्मानं माझ्या तोंडात हात घातला आणि पंखा हळूच फिरवला.

टिंग!

आयुष्यात मी बोललो तो एवढा एकच शब्द! विल्मानं दोन बोटांनी आरसा ओढून काढला, पाती नखानं चाचपली, टॉर्च मारून आत पाहिलं आणि धावत जाऊन आरसा फळीवर टांगला. “फळी भरली! उडा आता!”

मग मी काय उडालो म्हणता! आम्ही वेळेच्या तासभर आधी पोचलो.

परत आल्यावर विल्मानं फळीवर एक नवा गोल रंगवला आणि त्याखाली खिळे ठोकून बशीएवढं आडवं फळकूट बसवलं. रोज सकाळी ती त्या गोलाकडे बघायची. एक शुक्रवार गेला, दोन गेले, नऊ गेले. गोल रिकामाच.

म्हणून सांगतो मित्रांनो, वस्तू जागच्या जागी ठेवत जा. आणि एखादी जागा रिकामी दिसली, तर कितीही घाई असो, थांबा.

दहाव्या शुक्रवारी दारात शाळेच्या बसचा भोंगा वाजला. आर्लीन आत आली, गाल चांगले गुबगुबीत झालेले. तिनं एक कोलाचे त्या गोलात ठेवलं, दुसरं स्वतःच्या तोंडात टाकलं.

विल्मानं नाक पुसलं आणि डेलवर खेकसली, “बघतोस काय? फळी भरली!”