तीन माळा वाळूवर

मी वाळू. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर आहे. तिथे अॅल्युमिनियमच्या एका पातेल्यात, तळाशी दोन बोटं जाडीचा थर होऊन मी राहते. आज मी काळपट दिसते. जन्माने मी अशी नव्हते.

गंगेचं पाणी ओसरलं की पलीकडच्या काठावर लांबच लांब रेती उघडी पडते. मी तिथली. लोक नावेतून येत, पतंग उडवत, घोड्यावर बसून फोटो काढून घेत आणि परत निघताना चपला झटकून मला तिथेच ठेवून जात. मला पिशवीत भरून घेणारी पहिली बाई वीणा. तिचं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बरोबर नवरा होता, श्रीराम. बँकेत नोकरीला, रेतीतही बूट घालून चालणारा.

"लोक इथून गंगाजल नेतात. तू वाळू नेतेस?" तो म्हणाला. "तीही पलीकडची. इकडे मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात."

"पुढच्या जन्माचं पुढे बघू. या जन्मी केक झाला तरी पुरे."

तिने मला पाच पाण्यांनी धुतलं, चाळलं आणि छतावर जुन्या लुगड्यावर वाळत घातलं. काशीत छतावर काही वाळत घालायचं म्हणजे माकडांची परवानगी लागते. एका माकडाने माझी मूठ भरून चाखली, आवडली नाही म्हणून शेजारी उडवली. ती पडली खालच्या मजल्यावरच्या प्रभावती काकूंच्या पापडांवर. "वीणे, तुझी वाळू चाखली ग आम्ही," असं काकू पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिल्या.

मुलीचा, मैत्रेयीचा, पहिला वाढदिवस होता. घरातल्या विजेच्या तारा जुन्या, त्यांना ओव्हन झेपणार नव्हता. वीणाने मला पातेल्यात पसरलं, मधोमध लोखंडी तिवई ठेवली आणि झाकून तापवलं. रवा, दही, साखर, दुधावरची साय, वेलची आणि चिमटीभर खायचा सोडा असं सगळं फेटून तूप लावलेल्या डब्यात ओतलं. डबा तिवईवर, पातेल्यावर थाळा, थाळ्यावर वरवंटा. मग पाटावर बसून तिने तुळशीची माळ हातात घेतली आणि रामनाम सुरू केलं.

घड्याळ तिने कधी पाहिलं नाही. तीन माळा झाल्या की ती वरवंटा उतरवी. केक झालेलाच असे. वर बदामी, कडेला किंचित करपलेला, मध्ये मऊ.

"अहाहा, माझंच नाव घेतेस ना?" श्रीराम दारातून चिडवी.

"तुमचं घेत बसले असते तर केव्हाच करपला असता."

मग दर रविवारी मी तापू लागले. हिवाळ्यात माझ्यावर रताळी भाजली, बाट्या भाजल्या, एकदा नानकटाई केली ती दगड झाली आणि तीही सगळ्यांनी दुधात बुडवून खाल्ली. माणसांची एक सवय मी तेव्हाच पाहिली. केक कापला की जो तो करपलेली कड दुसऱ्यासाठी सोडतो आणि शेवटी ती करणाऱ्याच्या वाट्याला येते. वीणा म्हणे, तिला कडच आवडते. मला ते कधी खरं वाटलं नाही.

मैत्रेयी मोठी झाली, नोएडात नोकरीला लागली. घरातल्या तारा बदलल्या तेव्हा पहिल्या पगारातून तिने आईसाठी विजेचा ओव्हन आणला. वीणाने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्यात टोस्टचे पुडे ठेवायला सुरुवात केली. "त्याची टिंग माझ्या माळेच्या मध्येच वाजते," ही तिची तक्रार.

गेल्या महिन्यात, माघात, वीणा गेली. आजार तीन आठवड्यांचा होता. त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण ते तीन आठवडे मी थंड होते आणि स्वयंपाकघराबाहेरचं मला थोडंच कळतं. बालाजी घाटावरून नाव निघाली आणि तिच्या अस्थी प्रवाहात सोडल्या, एवढं मी नंतर ऐकलं. मी जिथून आले तिथे ती गेली होती आणि तिच्या स्वयंपाकघरात मी उरले होते.

तेराव्यानंतर प्रभावती काकू ओटा आवरायला आल्या. माझं पातेलं उचलून म्हणाल्या, "ही जळकी बालू आता कशाला? गंगेत सोडून येते."

"राहू दे, काकू," मैत्रेयी म्हणाली. तिने पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि शेगडीवरच ठेवून दिलं.

तिची रजा रविवारी संपत होती. श्रीरामला इथे एकट्याला सोडायला तिचं मन तयार नव्हतं आणि श्रीराम काशी सोडायला तयार नव्हता. तो दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला होता. सकाळी घाटावर फेरी, मग वाचनालय, दुपारी झोप, असं त्याचं आयुष्य बसलेलं होतं. फक्त त्या आयुष्यातला स्वयंपाक वीणा करत होती.

"इथे राहाल, पण खाल काय?"

"बघू काहीतरी."

"बघू नाही चालणार, बाबा. तीस वर्षांत तुम्ही चहासुद्धा केलेला नाही."

"एकदा केला होता," श्रीराम म्हणाला. "तुझ्या आईने ओतून दिला."

दारातून काकू म्हणाल्या, "आयत्या ताटावर येऊन बसणाऱ्यांचं असंच होतं, भाऊजी." त्यांच्या हातात त्याच्यासाठीच आणलेली खिचडी होती.

शेवटी मैत्रेयीने अट घातली. रविवारच्या आत त्याने दोन गोष्टी करून दाखवायच्या, वरण-भात आणि आईचा केक. जमलं तर त्याने इथेच राहायचं. नाही जमलं तर ती दोन तिकिटं काढणार.

वरण तिसऱ्या दिवशी जमलं. पहिल्या दिवशी त्याने डाळ न धुता लावली, दुसऱ्या दिवशी कुकरची शिटी लावायची राहिली. तिसऱ्या दिवशी दोघांनी तूप घालून मऊ वरण-भात खाल्ला आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

शनिवारी माझी पाळी आली. वीणाची वही उघडली. तिच्यात प्रमाणं होती आणि खाली एक ओळ होती: मंद आच, तीन माळा.

"तीन माळा?" मैत्रेयीने थट्टेने विचारलं. "केकला माला घालायची? फूलों वाली?"

श्रीराम हसला. वीणा गेल्यापासून त्या घरात कुणी हसल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग पीठ फेटून त्याने डबा तिवईवर ठेवला, वर थाळा झाकला, खुंटीवरची तुळशीची माळ काढली आणि पाटावर बसला. सरळ बसून, डोळे मिटून, एकही मणी न चुकवता त्याने तीन माळा पूर्ण केल्या. तेवढा वेळ मैत्रेयी आवाज न करता उभी होती.

तिने थाळा उचलला. डब्यात नुसतं गरम पीठ होतं. माझी धग आत्ताशी कुठे डब्यात शिरत होती.

"आच कमी पडली," मैत्रेयी म्हणाली. "नाही तर सोडा जुना असेल. जाऊ दे ना बाबा, बघते मी तिकीट."

श्रीराम माळेकडे बघत बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या आईची माळ कधी सलग झालीच नाही."

"म्हणजे?"

"मी हाका मारायचो. चष्मा कुठंय, पेपर कुठंय. तू मारायचीस. दूधवाला यायचा, काकू यायच्या. ती मणी अंगठ्याखाली धरून उठायची आणि परत येऊन तिथूनच पुढे न्यायची."

"मग तीन माळा म्हणजे किती वेळ?"

"आपण घरात असताना तिला लागायचा तेवढा."

मैत्रेयीने थाळा पुन्हा ठेवला, त्यावर वरवंटा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. श्रीरामने माळ पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली.

"बाबा, माझा चार्जर पाहिलात?"

त्याने मणी धरला, उठला, चार्जर शोधून दिला, परत येऊन बसला. पुन्हा हाक आली, छतावरचे कपडे काढलेत का. मग गल्लीतला भाजीवाला ओरडत गेला, तर त्याला थांबवा म्हणून. तीन माळा संपेपर्यंत तो सहा वेळा उठला. सातव्यांदा हाक मारताना तिला रडू फुटलं. तेव्हा तो गेलाच, पण लवकर परत आला नाही.

केक मध्ये बसला होता, मात्र शिजला होता. रविवारी मैत्रेयीने एकच तिकीट काढलं.

पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात?" तो म्हणे, "जेवलो. वरण-भात केला." फोन ओट्याजवळच असल्याने मला दोन्हीकडचं ऐकू येई. शेगडी पेटली की तिची ऊब मला कळते. नऊ दिवस ती पेटली नव्हती. तो केळी खाई, चुरमुरे खाई, काकूंच्या डब्यातले दोन घास खाऊन उरलेलं झाकून ठेवी. माणसं खोटं बोलतात तेव्हा आवाज नेहमीपेक्षा नीट लावतात.

आज सकाळी त्याने गॅस पेटवला. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रवा भिजवला, वही दोनदा वाचली, डबा तिवईवर ठेवला आणि माळ घेऊन बसला. पहिली माळ भराभर संपली. दुसरी सुरू झाली. घरात कुणाची हाक नव्हती. तो मध्येच थांबे, दाराकडे बघे आणि पुन्हा मणी ओढी.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आज लवकर केला. जेवलात?"

"नाही," तो म्हणाला. "नऊ दिवस नीट जेवलो नाही. तुला खोटं सांगत होतो."

मग ती म्हणाली, "मी येऊ का?"

"ये. सवडीने ये. आज केक ठेवलाय."

"मग ठेवते फोन. तुमची माळ राहिली असेल."

"ठेवू नकोस. बोल काहीतरी. एकट्याच्या माळा फार लवकर संपतात."

ती बोलते आहे. ऑफिसमधल्या कुणाचं लग्न, घरमालकिणीचं मांजर, तिने स्वतः केलेली आणि खारट झालेली आमटी. तो अंगठ्याखाली मणी धरून ऐकतो आहे.

माझं म्हणणं फार नाही. तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल, तर त्याला शांतता देऊ नका. त्याच्या कामात जरा व्यत्यय आणा. चष्मा विचारा, चार्जर विचारा. मला कधी ना कधी गंगेत सोडतील, त्याला माझी हरकत नाही. आज मात्र नको. आज मी तापलेली आहे आणि डब्यातलं पीठ नुकतंच फुगू लागलं आहे.