दुर्बिणीनं झालं असतं तर

डोमाजींच्या पोटावर लावलेली शौचाची पिशवी पहिल्यांदा गळली, तेव्हा ललिताबाई परसात जाऊन ओकली. आजारी सासूचं सगळं तिने काढलं होतं. पण नवऱ्याच्या पोटातून बाहेर काढलेलं ते लालभडक आतडं आणि त्यातून वाहणारं पिवळं पाणी तिला बघवेना.

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं. गाठ मोठी, शिवाय अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली. म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीऐवजी पोट उघडूनच केलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके, आणि आतली जोडणी भरून येईपर्यंत शौच बाहेर यायला पोटावर ती पिशवी.

सानगडीला घरी आणल्यापासून माणसांची रीघ लागली. दीर भुपेंद्र त्यांना आत नेई, नाकाला रुमाल लावी आणि भावाच्या अंगावरची चादर स्वतःच वर करी.

“पाहा, कसा फाडला! आजकाल दुर्बिणीनं होते ना. चार भोकं पाडले का झालं. ना चिरा, ना हे घाण.”

माणसं वाकून पाहत, चुकचुकत आणि बाहेर बसून चहा पीत. डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडत. ललिताबाईला आता पिशवीपेक्षा त्या वाकलेल्या तोंडांची जास्त शिसारी येऊ लागली.

एका दुपारी भुपेंद्र सिहोऱ्याच्या धम्मदीप मास्तरांना घेऊन आला. त्यांचं हेच ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं.

“मास्तर, सदरा वर करा जरा. पाहू द्या वहिनीले, चांगलं ऑपरेशन कसं असते ते.”

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सदरा वर केला. चार-पाच बारीक वण होते. डाव्या बाजूला पिशवीही होती.

भुपेंद्र दोन पावलं मागे सरकला.

“माही गाठ अगदी खाली होती,” मास्तर डोमाजींना म्हणाले, “म्हणून हे पिशवी जन्मभराची. तुमची तं काढतील. मी लवकर चालाले लागलो, तुमाले दिवस लागतील, दुखनबी जास्त. पण आतून दोघांचंबी तेच कापलं जी.”

डोमाजींनी भिंतीकडचं तोंड मास्तरांकडे वळवलं. “दुखते जी लय,” ते म्हणाले. दुखतं का, हे इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात पिशवी पुन्हा गळली. खोलीभर वास सुटला. भुपेंद्र दाराकडे निघाला.

“थांबा भाऊजी,” ललिताबाई म्हणाली. “लोकायले दाखवाची लय हौस ना तुमाले? मंग हे बादली धरा.”

“मले मळमळते, वहिनी.”

“मलेबी मळमळते. रोज. मी कुठं जाऊ? आता या घरात कोनाले घेऊन यायचं नाही, अन् तुमीबी यायचं नाही.”

तो गेला. मास्तरांनी तिला पिशवीचं भोक आतड्याच्या मापाने कसं कापायचं, कातडी कशी कोरडी करायची ते दाखवलं. दात आवळून तिने ते केलं. त्यानंतर पिशवी क्वचितच गळली. किळस मात्र गेली नाही.

चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन होऊन डोमाजींची पिशवी निघाली. भुपेंद्रशी ललिताबाई अजून बोलत नाही.