पेडलं काढून आणा

"पेडलं काढून आणा," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"कुठली पेडलं?"

"तुमच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक आणि क्लच बसवलाय ना, तो. गाडीत बाहेरून काही बदल केलेला असला की आम्हाला हात लावता येत नाही. नियम आहे मॅडम."

"अहो, बिघाड स्टिअरिंगमध्ये आहे. पेडलं शेजारी, खाली आहेत. तुम्ही स्टिअरिंग उघडणार, तुमचा त्या पेडलांशी संबंध काय?"

"माझा काहीच नाही. कंपनीचा आहे."

ब्रेकबाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. सर्व्हिस सेंटरला हा त्यांचा कितवा हेलपाटा होता ते त्यांनी मोजायचं सोडून दिलं होतं. आधी सांगितलं गेलं की तुमचं नाव कंपनीकडे नाही, कारण गाडी जुनी घेतलेली आणि कंपनीच्या लेखी ती अजून पहिल्याच मालकाची. ते निस्तरलं, तर पार्ट आलेला नव्हता. आज पार्ट आला होता, तर पेडलं आडवी आली.

"आणि पेडलं काढेपर्यंत मी काय करायचं?"

"तोवर शक्यतो गाडी चालवू नका."

"गाडी बाहेर उभी आहे. घरी कशी नेऊ?"

त्या माणसाने क्षणभर खरोखरच विचार केला. चेहरा वाईट नव्हता त्याचा, नुसता पिळून काढल्यासारखा दिसत होता. "हळू न्या," तो म्हणाला.

त्यांना ब्रेकबाई हे नाव शिकायला येणाऱ्या बायकांनी ठेवलं होतं, आणि ते आपल्याला माहीत नाही असं बाई दाखवत. त्यांचा बायकांना गाडी शिकवायचा क्लास होता. तिशी उलटल्यावर स्वतः शिकल्या, तेव्हा शिकवणारा सारखा ओरडायचा. त्या ओरडण्याच्या भीतीने त्या हमखास चुकीचा गिअर टाकायच्या. पुढे स्वतःचा क्लास काढला तो एकाच हिशेबाने, की ओरडायचं नाही. ओरडायच्या जागी त्या पाय दाबत. समोर सायकल आली, भिंत आली, शिकणारीने रस्त्याच्या मधोमध गोंधळून स्टिअरिंगवरचे हात वर केले, की बाईंचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर पडे आणि गाडी जागच्या जागी थांबे. मग त्या शांतपणे म्हणत, "हं. आता काय चुकलं ते तूच सांग."

आता ह्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये दोष निघाला होता. धडक बसली की स्टिअरिंगमधली एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि तिला फुगवायला आत धातूची एक डबी असते. ह्या जुन्या गाड्यांमध्ये त्या डबीतला स्फोटक मसाला वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि दमटपणाने बिघडत जातो. मग एअरबॅग उघडताना डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडावर, गळ्यावर येतात. जीव वाचवायला ठेवलेली वस्तू जिवावर उठायची. कंपनीने ही गाडी ज्या सालची, त्या सालच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. बोलावल्या होत्या खऱ्या, पण गाड्या गेल्यावर त्यांचं करायचं काय ह्याचा विचार बहुधा नंतर करायचं ठरवलं होतं.

"इतकी वर्षं काही झालं का?" घरी नवऱ्याने विचारलं. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला कुठल्याच गोष्टीची घाई राहिली नव्हती. "होईल त्यांच्या सवडीने. तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस."

"अहो, मी नाही बसत त्या सीटवर. शिकणारी बसते. आणि शिकणारी म्हटलं की आज ना उद्या कुठेतरी ठोकणारच."

"तू आहेस की ब्रेक मारायला."

"मी कितीदा मारला आणि कितीदा चुकला, ते मला माहीत आहे."

ह्यावर त्याने पेपर उलटला.

संध्याकाळी बाई ठरलेल्या कोपऱ्यावर चालत गेल्या. तिथे बेकरीवाली वाट बघत उभी होती. तिच्या नवऱ्याची पाव-बिस्किटं दुकानोदुकानी पोचवायची व्हॅन होती. साखरेच्या आजाराने त्याची नजर उतरत चालली होती आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. तो अजून चोरून चालवत होता, ही शेजारी बसून "थांबा, डावीकडे माणूस आहे" असं सांगत होती. म्हणून ही शिकत होती. चांगली शिकत होती, फक्त लक्ष रस्त्यापेक्षा दुकानांकडे जास्त. कुणाचं शटर वर गेलंय, कुणाचं अजून बंद आहे, ते बघत बघत ती वळण चुकवायची.

"ताई, गाडी कुठंय?"

"घरी. आज क्लास नाही. गाडी दुरुस्त होईपर्यंत नाही."

"झालं काय तिला? परवा तर मस्त चालत होती."

बाईंनी सगळं सांगितलं. बेकरीवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आज तुम्हीच त्या सीटवर बसून ती सेंटरला नेलीत ना?"

"मी बसले तर माझा जीव. तुला बसवलं तर ती माझी जबाबदारी."

"माझ्या जिवाचं मी बघेन की. तुम्ही शिकवा."

"नाही."

"परीक्षेची तारीख आली ताई. यांची नजर काय तुमच्या गाडीसाठी थांबणार आहे? सकाळी एका म्हाताऱ्याच्या अंगावर घालता घालता राहिले. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून."

"दुसरीकडे जा. चांगला क्लास सांगते."

"दुसरीकडे पोरं शिकवतात. गिअर अडकला की एकमेकांकडे बघून हसतात." तिने ओढणी खांद्यावर फेकली. "तुमच्याकडे आले ती चूक झाली म्हणायची." आणि ती निघून गेली. बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभ्या राहिल्या. तिचं चुकत नव्हतं आणि आपलंही चुकत नाही, ह्याचाच त्यांना राग येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेडलं बसवून देणारा मेकॅनिक गाठला. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुड केली आणि तसाच आडवा पडून म्हणाला, "बाई, काढतो. पण परत बसतील ह्या भरवशावर राहू नका. खालचा पत्रा पार गंजलाय. नट धरायला जागाच नाही राहिली."

"म्हणजे ही गाडी क्लासची राहणार नाही."

"घरची म्हणून वापरा. फिरायला."

बाईंना कधी फिरायला गेल्याचं आठवेना. गाडीत बसायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या चुका सांभाळायला बसायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. "काढ," त्या म्हणाल्या. पेडलं निघाली तेव्हा त्यांनी तिकडे बघितलं नाही. मेकॅनिकने ती कागदात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली.

तशाच त्या गाडी हळू चालवत सर्व्हिस सेंटरला पोचल्या. काउंटरवर तोच माणूस होता. बाईंना बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यावरूनच त्यांना निम्मं कळलं.

"काढली पेडलं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमचा पार्ट..." त्याने आवाज खाली आणला. "काल दुसऱ्या गाडीला लागला. वरून फोन आला होता. मी सांगून बघितलं, हा कुणासाठी तरी ठेवलाय म्हणून. पुढच्या लॉटमध्ये नक्की."

"पुढचा लॉट कधी?"

"ते आम्हालाही कळवत नाहीत."

आयुष्यभर न ओरडलेली बाई आता ओरडणार असं त्या माणसाला वाटलं असावं, कारण तो खुर्चीतच थोडा मागे सरकला.  पण त्या बाहेर गेल्या, गाडीत बसल्या आणि ती समोरच्या काचेच्या शोरूमच्या दाराशी नेऊन उभी केली. नव्या गाडीवरचं रेशमी कापड ओढून गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देतात आणि सगळ्या कुटुंबाचा फोटो काढतात, नेमक्या त्या जागी. मग आत येऊन त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली.

"तुम्ही म्हणालात चालवू नका. नाही चालवत. ठेवली."

दोनच मिनिटांत मॅनेजर धावत आला. टाय सारखा करत म्हणाला, "मॅडम, प्लीज, गाडी हलवा. आत्ता एका फॅमिलीची डिलिव्हरी आहे."

"मला चालवायला मनाई आहे. तुमच्याच माणसाने केलीय. विचारा."

मॅनेजरने काउंटरवाल्याकडे बघितलं, काउंटरवाल्याने कॉम्प्युटरकडे. शेवटी मॅनेजरने आवारातल्या गाड्या पुढेमागे करणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर किल्ली घेऊन गेला, दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि थबकला.

"साहेब, ही त्या एअरबॅगवाल्यांतली का?"

"अरे, चार पावलं मागे तर घ्यायचीय. काही होत नाही."

काही होणार नव्हतंच. धडक बसल्याशिवाय ती डबी फुटत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ड्रायव्हरने टाकलेला पाय बाहेर काढला. "तुम्ही घ्या ना साहेब मग," तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात, अगदी साधं सुचवल्यासारखं बोलला.

साहेबांनी काही घेतली नाही. अखेर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ड्रायव्हर, दोन मेकॅनिक आणि काउंटरवाला असे चौघे तिला ढकलू लागले. स्टिअरिंग वळवायला एकाने खिडकीतून हात घातला होता, तोंड होईल तेवढं बाहेर ठेवून. नवी गाडी घ्यायला आलेलं कुटुंब नटूनथटून बाजूला उभं राहून हे बघत होतं. त्यातली आजी कुणाला तरी विचारत होती, "त्या गाडीत काय आहे?"

बाईंनी काउंटरवाल्याकडून गाडी जमा केल्याची पावती लिहून घेतली आणि बसने घरी गेल्या. नवऱ्याला घडलं ते सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "चौघांनी ढकलली? आत कुणीच बसलं नाही?"

"कुणीच नाही."

त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आणि तू रोज बसवत होतीस बायकांना."

"तेच तर सांगत होते तुम्हाला."

सकाळी बाई बेकरीत गेल्या. बेकरीवाली पावाच्या लाद्या मोजत होती. तिने वर बघितलं नाही.

"तुमची व्हॅन काढ," बाई म्हणाल्या. "आपण तिच्यात शिकू."

"तिच्यात तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"माहीत आहे."

व्हॅनमधले ते दिवस बाईंना फार जड गेले. पाय सवयीने खाली आपटायचा आणि खालचा पत्रा नुसताच वाजायचा. व्हॅन थांबायची नाही. मग बाईंना बोलावं लागायचं, आणि वेळ कमी असला की मोठ्याने बोलावं लागायचं. एकदा बेकरीवाली एका दुकानाचं उघडं शटर बघत सरळ दुधाच्या गाडीवर निघाली, तेव्हा बाई इतक्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. व्हॅन थांबली. बेकरीवालीने हँडब्रेक ओढला.

"ओरडता येतं की तुम्हाला," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे आलं," बाई म्हणाल्या.

पहिल्या परीक्षेत बेकरीवाली रिव्हर्समध्ये नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "ताईंना सांग, उद्यापासून मी शेजारी बसणार आणि दिवसभर चुका काढणार."

तोवर बाकीच्या बायका हळूहळू दुसऱ्या क्लासला लागल्या होत्या. कुणी कळवून गेल्या, कुणी न कळवता. बाईंचा फोन दुपारदुपार वाजत नसे. वाजला तो सर्व्हिस सेंटरचा. गाडी तयार आहे.

गाडी धुवून पुसून उभी केली होती. बाईंनी स्टिअरिंगकडे निरखून बघितलं. मधलं झाकण तसंच होतं, आधी होतं तसंच, कडेला थोडं घासलेलं.

"बदललं हे मला कसं कळणार?" त्यांनी विचारलं.

"बघून नाही कळत मॅडम," काउंटरवाला म्हणाला. "मी स्वतः समोर उभा होतो. जुनी डबी काढताना बघितली."

बाईंनी किल्ली हातात घेतली, पण गाडीच्या दाराकडे गेल्या नाहीत.  गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याने खिशात टाकलं, त्यांच्या हातातून किल्ली मागून घेतली आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसला. बाई दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसल्या. पायाखालच्या मॅटला पेडलांच्या जागी दोन भोकं होती.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. पहिल्या चौकात गाडीला बारीक धक्के बसू लागले.

"क्लचवर पाय ठेवून चालवताय," बाई म्हणाल्या. "पूर्ण सोडा."

त्याने सोडला. गाडी सरळ, शांतपणे पुढे गेली.

"आता पुढून वळून घ्या," त्या म्हणाल्या, "घाई नाही." आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.