टाकीने सोडलेला घोट

मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. मित्रांनो, जमिनीच्या पोटातून तेल आणि वायू काढताना खारट, तेलकट पाणीही वर येतं. ते आधी माझ्याकडे येतं. मी त्याला शांत निजवते. तेल वर तरंगतं, गाळ तळाशी बसतो, मधलं पाणी पुढे जातं. माझ्या तरुणपणी तेलाचा थर असा असायचा, की वर बसलेली माशी थेट कुंपणापर्यंत घसरत जायची. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

दर सोमवारी आमचे मामा, म्हणजे इथले जुने कामगार, शिडी चढून तेल वाहून नेणारी माझी पन्हळ पुसायचे. "काय म्हातारे, पोट बरं आहे ना?" म्हणायचे. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

मग ती आली. नवी गाळणी! चकचकीत अंग, काचेची खिडकी, आत अतिबारीक छिद्रांचे पडदे. माझं पाणी आजवर पुन्हा जमिनीत सोडून देत. आता ते माझ्याकडून तिच्यात जाऊ लागलं, आणि तिने गाळलेलं थेट बॉयलरला वापरू लागले. मामा सोमवारी तिचीच काच पुसत बसले.

"बघा बाई, आरसाच!" ते इंजिनिअर बाईंना म्हणाले.

माझा नुसता तिळपापड झाला. तीन सोमवार माझ्या पन्हळीला कुणी हात लावला नाही. ती तुंबली आणि तेल चढत गेलं. मला ते आणखी थोडं आवरता आलं असतं, खरं सांगते. पण मी तेलाचा एक घोट मुद्दाम पुढे तिच्यात सोडला.

तिचे पडदे चिकटले. बाई कडाडल्या, "मामा, ही म्हातारी तेल सोडतेय. भंगारात काढा. पाणी सरळ गाळणीत घ्या."

मामा पुढे झाले.

"बाई, चूक माझी आहे. पन्हळ पुसायची राहिली."

"तिची बाजू घेऊ नका हो!"

मला वगळून पाणी तिच्याकडे गेलं. मामांचा चहा संपायच्या आत काच काळी पडली आणि तिची मोटर कण्हू लागली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"जोडा म्हातारीला परत," बाई पुटपुटल्या.

"आधी पुसतो," मामा म्हणाले.

आता सोमवारी पहिली माझी पन्हळ, मग तिची काच. माझं पाणी पुन्हा तिच्यातून बॉयलरला जातं. जळफळाट गेला का? छे! पण मित्रांनो, नवं जरूर आणा, फक्त जुन्याचा सोमवार चुकवू नका. माझ्याकडे अजून एक घोट शिल्लक आहे.