पडदा उजळेपर्यंत

धाकट्याचे हात म्हणजे, स्वस्थ बसतील ते हात कसले! रविवारी सकाळी तो वडिलांकडे यायचा तो खिशात स्क्रू-ड्रायव्हर घालूनच, आणि चपला काढायच्या आत कुठला नळ गळतोय, कुठलं दार कुरकुरतंय, याचा शोध घ्यायला लागायचा. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत. त्यांचा जुना लॅपटॉप बटण दाबल्यावर काळा पडदा घेऊन इतका वेळ घुम्यासारखा बसायचा, की शेजारचा चहा गार व्हायचा. बाबांची मात्र कधी तक्रार नसे; केस विंचरून, धुतलेला सदरा घालून ते त्याच्यासमोर बसत आणि तेवढा वेळ जागचे हलत नसत.

एका रविवारी ते फिरायला गेल्याचं पाहून धाकट्यानं गुपचूप लॅपटॉप उघडला. जुना प्रोसेसर अलगद काढला, त्याच्यावर लावलेली, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट पुसली आणि त्याच जागी बसणारा, चांगला वेगवान असा दुसरा बसवला. जुना टाकवेना, म्हणून आईच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवून दिला. बाबांनी परत आल्यावर बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत पडदा उजळला.

“बघा बाबा, आता चहा गार व्हायचा नाही!”

बाबांनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. “छान केलंस हो,” एवढं म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

पुढच्या रविवारी त्यांची दाढी वाढलेली होती, सदरा चुरगळलेला होता. घास घशाखाली उतरत नव्हता. आई गेली तेव्हाही बाबा असे खचले नव्हते.

“काय होतंय, मला सांगा ना.”

“हसू नकोस हं, बाळा. पडदा काळा असायचा ना, तेवढ्यात मला ती दिसायची. माझ्या मागे येऊन उभी राहायची.” बाबांनी डोळे पुसले. “आता ती यायच्या आतच उजेड होतो.”

धाकट्याला गलबलून आलं. बाबांना भास होत असतील तर होऊ देत, पण आपल्या अतिशहाणपणानं आपण त्यांची सोबत हिरावून घेतली, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं कपाटावर ठेवलेली डबी आणली. आतला प्रोसेसर बोटांना कोमट लागला. कपाटावर ऊन येत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, पण त्या भिंतीवर ऊन कधीच येत नसे.

सगळं पूर्ववत बसवून, लॅपटॉप नीट चालतोय ना हे पाहायला तो बाबांच्या खुर्चीत बसला. केस विंचरून, सदरा बदलून बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यानं बटण दाबलं, आतला पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला.

त्यात आधी खिडकी दिसली, मग बाबा, आणि त्यांच्याजवळ, मान किंचित कलती करून, आई. ती बाबांची कॉलर सारखी करत होती. धाकट्याला भीती वाटली नाही, नुसतं रडू आलं.

मग त्याची नजर त्या दोघांच्या पुढे गेली. तिथे बाबांची खुर्ची होती. तिच्या पाठीचा उसवलेला वेत स्पष्ट दिसत होता. खुर्चीत कोणीच नव्हतं.

त्यानं हात वर केला. पडद्यात काही हललं नाही.

“आज रविवार ना?” मागून बाबांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी असा प्रसन्न. “धाकटा अजून कसा आला नाही गं?”